गवतातली गिट्टी

सन्माननीय अध्यक्ष शिवाजीराव, आज निरोप घेणारे आपले सेक्रेटरी नीलकंठराव, उद्यापासून त्यांचं काम पाहणाऱ्या शारदाताई, आणि या नगरा वस्तीतल्या आपल्या मराठी क्लबात जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. एकतीस वर्षं रेल्वेच्या केबिनवर गेली, तिथं घंटा आणि टेलिफोनच बोलायचे. तरी आज मी स्वतःहून नाव दिलं.

नीलकंठरावांनी क्लबाचं मैदान हिरवंगार केलं, असं आत्ता चौघांनी सांगितलं. खरं आहे. गवत कापायचं पेट्रोलचं मशीन त्यांनीच आणलं. पण ते कसं चालवलं जायचं, हे एकानेही का सांगितलं नाही?

मुलं रुळाकाठची गिट्टी, म्हणजे खडीचे दगड, आणून इथे पिट्ठू खेळतात, आपली लगोरीच. दर रविवारी मशीन निघालं की त्यांनाच पुढे पळवायचं. गिट्ट्या वेचा, लेमनचूस मिळेल! तशाच एका रविवारी मशीन चालवणारा रामकृष्ण माळी म्हणाला होता, "बाबूजी, पहले बच्चन खों हटा लो." आधी मुलांना बाजूला घ्या. त्यावर नीलकंठराव म्हणाले, "अरे भैया, यही तो हमारे गिट्टी-इन्स्पेक्टर हैं!" व्हरांड्यात चहा घेणारे आपण सगळे हसलो. हो, मीसुद्धा.

एक गिट्टी गवतात राहिली. पात्याने ती उडवली. माझी नात कमलिनी वीस पावलांवर उभी होती, वेचलेल्या गिट्ट्या फ्रॉकच्या ओच्यात घेऊन. कानशिलावर लागली. सात वर्षांची होती ती.

आपण सांत्वनाला आलात, उपकार आहेत. पण काय म्हणालात? "प्रारब्ध हो." "पोर तिथं उभी कशाला होती?" कशाला म्हणजे? आपणच उभी केली होती! पुढचा रस्ता मोकळा आहे असा निरोप आल्याशिवाय, लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय, मी जन्मात गाडी सोडली नाही. आणि नातीसमोर मशीन सुरू झालं तेव्हा मी बशीत चहा ओतत होतो. हे प्रारब्ध?

मी गप्पच राहिलो असतो. पण गेल्या रविवारी फाटकातून पाहिलं. सात महिनेही झाले नाहीत, आणि चार मुलं पुन्हा मशीनपुढे पळत होती.

शारदाताई, उद्या रविवार आहे. गिट्टी आदल्या संध्याकाळी मोठ्यांनी वेचायची. मशीन चालू असताना सगळी मुलं या हॉलमध्ये, मोजून, दार लावून. पातं पुरतं थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही. कबूल? नुसती मान हलवू नका, ताई. तोंडाने म्हणा.

ऐकलं सगळ्यांनी. आभारी आहे.

नीलकंठराव, तुम्हाला हार घालायला माझं नाव पुकारलं होतं. तो दुसऱ्या कोणी घालावा. माझ्याने होणार नाही.

अध्यक्षमहाराज, आपण बोलू दिलंत, आपले आभार. शब्द कडक गेले असतील, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर माझं दुःख जाणून पोटात घाला. आता चहा येईल. मी थांबत नाही. अजून तासभर उजेड आहे, आणि मैदान मोठं आहे. ज्यांना वाकता येतं, त्यांनी माझ्याबरोबर बाहेर यावं.