वन्समोअर

भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या दीपमालाच्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याला कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जात होतं.

“जिंदगीभर मंडईच्या जत्रेतल्या नाटकायले चाली देल्या, अन् आता पेटीचे वरचे सूरच आयकू नाही येत.”

“म्हणून त आलो ना इथं.”

“एक चाल मात्र लोक इसरले नाही, पुष्पा. करडी गावच्या नाटकात भाऊ मरते, तवा बहिणीचं गाणं. वन्समोअर भेटला. मेलेला भाऊ तसाच पडून राह्यला, अन् बहीण दुसऱ्यांदा रडली.”

“तिसऱ्यांदाही रडली.”

“तशी चाल मंग नाही सुचली. कोठून आली, कोणाले मालूम.”

“मले मालूम हाय.”

“आँ?”

“माह्या दादाच्या मौतीत मी हेल काढून रडली होती. ते चाल तेच हाय.”

“मंग तवाच काहून नाही सांगितलं?”

“कोणाले सांगू? मांडवात लोक वन्समोअर म्हणून राह्यले होते, अन् तुमी पेटीवर हसून राह्यले होते.”

म्हाताऱ्यानं कानातला कापूस काढला आणि बोटांत चुरगाळत बसला.

“तुही माय गेली, तवा तू रडलीच नाही. लोकं नावं ठेवून राह्यले होते.”

“हो.”

“काहून नाही रडली?”

पहिल्यांदाच ती हळू बोलली. दीपमालाला ऐकू आलं.

“तुमी बाजूले बसले होते.”

“काय म्हणली?”

“नंबर आला म्हणली. उठा.”