बंपरमागची नळी

— नाही हो, फुकटच. म्हणजे तुम्हाला फुकट. आधी खोकं उघडून तर बघा, एलिऊद. उघडलं की दुकानदार परत घेत नाही असलं काही नाही, मी दोनदा विचारलंय, शेवटी तो माझ्यावर वैतागला, म्हणाला, "बाई, हवेचा फिल्टर आहे, नवरा नाही, नाही पटला तर बदलून देतो." तुमच्याच गाडीच्या मापाचं आहे. नळी, डबा, फिल्टर, चार क्लॅम्प, सगळं आत आहे. मला गाडी चालवता येत नाही, खरंय, पण वाचता येतं ना? मायाग्वेसच्या कॉलेजात चार वर्षं रसायनशास्त्र घासलंय मी, औषधाच्या दुकानात उभी असते ती हौस म्हणून नाही — असो. तुम्ही हात पुसा आणि बसा. नाहीतर उभे राहा, पण बॉनेटखाली डोकं घालून नको, मला कळत नाही तुम्ही ऐकताय की नाही.

तर, हवेच्या नळीच्या तीन तऱ्हा असतात. एक आखूड नळी — फिल्टर इंजिनाशेजारीच, वर, उघडा. लावायला सोपी, आवाज मोठा, पण इंजिनाची गरम हवाच परत ओढते, आणि गरम हवा विरळ, तिच्यात प्राणवायू कमी, म्हणून चढावर गाडी दमते. दुसरी लांब नळी — आत्ता तुमच्या गाडीत आहे ती — वळसा घेऊन खाली बंपरमागे जाते, रस्त्यापासून वीतभर वर तिचं तोंड. थंड हवा मिळते, ताकद मिळते, सगळी पोरं हीच लावतात. आणि तिसरी ही, मी आणलेली — फिल्टर वरच, पण बंद डब्यात, म्हणजे इंजिनाचा ताप लागत नाही आणि पाणीही लागत नाही. पाणी, एलिऊद! पावसाळा आलाच आता. खाली उसाच्या पट्ट्यात नदीचं पाणी रस्त्यावर चढलं की ती बंपरमागची नळी काय करणार? हवा सोडून पाणी ओढणार. आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही — इंजिन जागच्या जागी — अगं आई!

काही नाही. पाना पडला. मी अशीच आहे, दार वाजलं तरी दचकते, दुकानात मला सशी म्हणतात. तुम्ही नका माफी मागू, पाना तुमचा, शेड तुमची. कुठे होते मी? पाणी. पण तुम्हाला मी काय सांगणार, पाणी प्यायलेलं ते इंजिन तुम्हीच उघडलंत. माझ्या आईनं तुम्हाला ही गाडी दिली तेव्हा गाडी मेलेलीच होती. दांडे वाकले होते ना आतले? तुम्ही महिने घातलेत त्यात, आणि सगळं नवं घातलंत, आणि हवेची नळी मात्र जुनी ठेवलीत. का पण? चांगल्या अवस्थेत होती म्हणून? ती चांगलीच असते हो. तिला काही होत नाही. होतं ते चालवणाऱ्याला.

माझ्या भावानं, मिसाएलनं, ती नळी स्वतः निवडली होती. जेवणाच्या टेबलावर ठेवून आम्हाला दाखवली, जशी काही सून आणली. वादळानंतरच्या आठवड्यात उसापाशी गाडी बंद पडली, तर हा पठ्ठ्या चप्पल हातात घेऊन पाण्यातून चालत घरी आला, हसत, मांडीपर्यंत चिखल, टाचेला कसलंसं कापलेलं. "गाडीनं पाणी प्यायलं, आता मला कॉफी द्या" म्हणाला. पुढे ताप. आम्हाला वाटलं फ्लू. लेप्टो निघाला — उंदरांच्या मुताचा आजार — आणि तेव्हा दवाखान्यात वीज नव्हती, रस्ते नव्हते, तुम्हाला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. गावातली अजून दोन माणसं त्यातच गेली. म्हणजे कुणाचा दोष नाही. मी दोष द्यायला आलेच नाही. मी नळी बदलायला आलेय.

सांगते ना. पाणी हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे — बंद डब्यात आवाज दबतो. हो, तेच. तो घशातून आल्यासारखा आवाज, वर चढत चढत अचानक किंचाळतो ना, तो डब्यात कोंडला जातो. नुसतं कुणीतरी उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं राहतं. गाड्या इथे सगळ्यांच्याच ओरडतात, एकट्या तुमचीच कशाला बदलायची, असंच म्हणताय ना मनात? चागोच्या टपरीवर डॉमिनोच्या सोंगट्या खेळत बसणारे डोळे मिटून सांगतात कुणाची गाडी चढ चढतेय, आणि त्यात मिसाएलची तर — ती बहिऱ्यालाही कळायची.

कितीतरी महिने तो आवाज नव्हता. मग एक दिवस मी मागच्या अंगणात चादरी काढत होते, ऊन उतरलं होतं, आणि खालून तो आला. चढ चढताना आधी कण्हत, मग ती किंचाळी. हातातली चादर मातीत पडली. मी तुम्हाला शपथेवर सांगते, मी मागे वळून फाटकाकडे पाहिलं नाही, मी चादरीकडे बघत राहिले, कारण मला खात्री होती की वळले तर तो उतरताना दिसेल. आणि मग आमच्या घरासमोर, वळणाच्या आधी, दोनदा रेस. व्रूम, व्रूम. थांबायचं नाही, हॉर्न नाही. नुसतं दोनदा. ते तो आईसाठी करायचा — आलोय, भात गरम कर, गाडी लावून येतो. दुसऱ्या दिवशी चागोनं हाक मारली, "काय गं नेरेइदा, मेला तरी जेवायच्या वेळेला येतो म्हण की तुझा भाऊ!" सगळे हसले. वाईट नाहीत ती माणसं. मीही हसले. घरी येऊन ती चादर पुन्हा धुवायला घेतली.

तुम्ही गाडी घेतलीत हे मला ठाऊक होतं हो. डोक्याला ठाऊक होतं. तुम्ही चालवताय, तुम्ही खाली कामाला जाता, संध्याकाळी वर येता, सगळं साधं आहे. पण दोनदा रेस? त्याच जागी? तिथे कशाला कुणी रेस देईल, तिथे गिअरसुद्धा बदलावा लागत नाही, मी चालत जाऊन पाहून आले. ते आमच्या घरातलं होतं. चागोलाही त्याचा अर्थ माहीत नाही, त्याला वाटतं पोरगा मस्ती करायचा. मिसाएल, आई, मी. तिघं. मग तुमच्या पायाला कुणी सांगितलं?

आणि आई! आईला तर काहीच होत नाही. मी भिंतीला धरून उभी, आणि ही आवाज आला की उठते, तुरीच्या दाण्यांचा भात वाढते, पातेल्याच्या तळाची खरवड उलथन्यानं खरवडून काढते — तीसुद्धा त्याच्याचसाठी, मला कधी मिळाली नाही — आणि झाकून टेबलाच्या कडेला ठेवते. गुणगुणते उलट! आणि सकाळी मी उठते तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं असतं. ओलं. मी विचारलं नाही. कसं विचारणार? ती म्हणाली असती "मी फेकून देते" तर मला रडू आलं असतं, आणि ती म्हणाली असती "तो जेवून गेला" तर? मग मी काय करणार होते? समुद्रापार हार्टफोर्डला मावशी बोलावतेय, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी तयार आहे, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय, आणि मी आईला अशी सोडून जाऊ, मेलेल्याला रोज जेवू घालणारीला? म्हणून मी ठरवलं, आवाजच बंद करायचा. आवाज नसेल तर ताट नसेल. कळलं आता? मला एवढं सांगायचं नव्हतं. पाण्याचं सांगून खोकं ठेवायचं आणि निघायचं असं ठरवून आले होते.

काय झालं? का बघताय तिकडे? तिकडे काय आहे, तुमचं ते —

ते पातेलं कुणाचं आहे?

नाही, थांबा, झाकू नका. त्या झाकणाची मूठ तुटली तेव्हा मिसाएलनं तिथे गाडीचा बोल्ट बसवला, आई ओरडली होती, देवाच्या अन्नावर ग्रीस लावतोस म्हणून. हे आमच्या घरातलं झाकण आहे. हे इथे काय करतंय? … कधीपासून? रोज? रोज सकाळी ती प्रार्थनेला म्हणून जाते, गुडघे दुखतात तरी चढाकडून जाते, मी म्हटलं पण होतं, अगं चर्च तर उताराला आहे — आणि ती म्हणाली, पाय मोकळे होतात. पाय मोकळे! म्हणजे खरवड तुम्ही खाता. माझ्या आईची, तुमच्या दोन्या तोमासाची खरवड. चांगली असते ना? मला माहीत नाही, मला कधी मिळाली नाही.

तर तिनंच सांगितलं तुम्हाला. दोनदा रेस द्या म्हणून. आणि नळीही तीच ठेवा म्हणाली? … आणि तुम्ही हो म्हणालात. चढ चढून आली असेल, धाप लागलेली, रुमाल हातात, तुम्ही नाही कसं म्हणणार. मग रविवारी? रविवारी तुम्हाला सुट्टी असते, तरी संध्याकाळी आवाज येतो — त्याचसाठी खाली उतरून परत वर येता? देवा रे. आणि मला सांगायचं नाही असं कोण म्हणालं? तीच. "पोर घाबरट आहे, तिला कळलं तर ती हसेल माझ्यावर." असं म्हणाली? मी हसले असते? मी बारीक होत चाललेय तिच्या डोळ्यांसमोर, आणि तिला वाटतं मी हसेन! तिला ठाऊक होतं हो. पहिल्यापासून ठाऊक होतं की ते तुम्ही आहात. वेडी होत होते ती मी. एका घरात दोन बायका, एकीला रोज तिचा मुलगा ऐकू येत होता आणि तिला ठाऊक होतं तो नाहीये, आणि दुसरीला ठाऊक होतं तो नाहीये आणि — पाणी द्या जरा.

नको, कॉफी नको. पाणी.

हे बघा. ते खोकं बंद करा. क्लॅम्प आत टाका, सगळे, मोजून नका टाकू, तसेच टाका. उद्या मी ते बदलून आणते, आखूडवाली आणते. उघडी, वर बसणारी. गरम हवा ओढेल, चढावर दमेल, चार मित्र तुम्हाला हसतील की कुठली ही जुनाट नळी लावलीस — हसू द्या. आवाज तोच राहील, थोडा जास्तच कर्कश होईल, आईला फरक कळेल, पण ती म्हणेल गाडीला सर्दी झाली. पण ही बंपरमागची काढायची. पाऊस यायच्या आत काढायची, एलिऊद, हे मी विनवत नाहीये, सांगतेय. उसापाशी पाणी आलं आणि तुम्ही चप्पल हातात घेऊन चालत निघालात तर मी — आणि तिनं तुमच्यासाठीही ताट झाकून ठेवलं तर मग खाणार कोण?

मी जाईन हार्टफोर्डला. बहुतेक जाईन. माहीत नाही. तुम्ही असताना जाता येईल असं आत्ता वाटतंय, घरी गेल्यावर वाटणार नाही.

अजून एक. मला वाटलं होतं तुम्हाला सांगावं, दोनाऐवजी तीनदा रेस द्या, म्हणजे तिसरा ऐकला की मला कळेल तुम्ही आहात. पण नको. तिसरा आईला ऐकू येईल. दोनच द्या. त्याऐवजी हात करा. खिडकीतून, असा. मिसाएल कधी हात करायचा नाही, फार तोरा होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी फाटकात उभी असेन. समोर. भिंतीमागे नाही, चादरीआड नाही, समोर.

नाही, सोडायला येऊ नका. या गाडीतून तर नकोच. ऊन उतरलं, आज सुट्टी असली तरी खाली जाऊन परत वर यायची तुमची वेळ झाली, आता मला माहीत आहे, पण मी चालत उतरते, मला आधी पोचू द्या. मी घरात शिरेपर्यंत किल्लीला हात लावू नका. तो आवाज माझ्या पाठीमागून यायला नको. जा, आत जा. जा म्हणते ना.