माळाईच्या कमरेचं माप

बोला, राम कृष्ण हरी! मृदंगवाले, हात जरा थांबवा. मंडळी, मांडी सैल करून बसा. कंबरपट्टा काचत असेल तर तोही सैल करा, इथं कुणी बघत नाही. देव तर मुळीच बघत नाही, त्यानं सगळं आधीच पाहिलेलं आहे!

आजचा प्रश्न साधा. वेदान्त नाही, ब्रह्म-माया नाही. प्रश्न असा, की कापडानं माणसाला बसायचं, का माणसानं कापडाला?

हसलात? हसा. पाचवीतलं पोर उत्तर देईल, म्हणता. मग मला सांगा, तुमच्या कपाटात सगळ्यात खाली ती एक साडी का पडून आहे? 'जरा बारीक झाले की नेसेन' म्हणून ठेवलेली! किती वर्षं झाली तिला? तिच्या घडीला घडी चिकटली, आणि तुम्ही अजून बारीक होताय!

आणि पुरुषमंडळी, तुम्ही का हसताय? बाईचं पोट सुटलं की ती बेढब. गड्याचं सुटलं की 'अंगानं भरला हो, सुखवस्तू दिसतो!' आता माझंच बघा. या उपरण्याखाली काय दडलंय ते पहिल्या रांगेला दिसतंय. पण आजवर एकानं तरी म्हटलं का, 'बुवा, उभ्या रेघांचं उपरणं घ्या, बारीक दिसाल'? नाही ना! तर मंडळी, ऐका.

कृष्णाकाठी आंबेशिंगे नावाचं गाव. गावात तारामती मगदूम नावाची बाई. सगळे म्हणायचे तारक्का. वय बावन्न, अंगानं चांगली ऐसपैस, आणि धंदा शिवणकामाचा. गावातल्या एकूण एक बाईचं माप तिच्या वहीत. कोण सांगते बत्तीस आणि निघते छत्तीस, हे तारक्काला ठाऊक. पण बाई पोटात ठेवणारी. 'आत चार बोटं जादा कापड सोड गं, पुढंमागं लागलं तर उसवता येईल,' असं कानात सांगून जाणाऱ्या बायांचं गुपित तिनं कधी फोडलं नाही.

दुसऱ्यांसाठी ती काय शिवत नव्हती? मोरपंखी, राणी, डाळिंबी! तिच्या हाताखालून रंगांची जत्रा जायची. आणि स्वतःच्या अंगावर? तपकिरी. तपकिरीचा कंटाळा आला की राखाडी. सणासुदीला, फारच उत्साह आला तर, गडद निळा.

का? तर जाड बाईचं एक शास्त्र असतं, मंडळी. कुठल्या ऋषीनं सांगितलं ते ठाऊक नाही, पण वेदांपेक्षा कडक पाळतात. जाड बाईनं भडक नेसू नये. काठ बोटभर असावा, तळहाताएवढा नसावा. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा, उन्हाळा असला तरी. आणि फोटो निघताना दुसऱ्याचं पोर उचलून पोटापुढं धरावं! तारक्कानं गावातली निम्मी पोरं अशी धरली होती. ती पोरं मोठी होऊन मिशीला आली, तरी फोटोत तारक्काच्या पोटापुढंच आहेत!

आता या गावची देवी माळाई. माळाई म्हणजे तांदळा. हात नाही, पाय नाही, जमिनीतून वर आलेला गोल पाषाण. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलातला शेंदूर चढत आलेला. कुणाच्या पणजोबानं चढवला, कुणाच्या नवसाचा चढला. दर वर्षी आई बोटभर रुंदावते. आणि गाव काय म्हणतं? 'आई जाड झाली' म्हणतं? छे! 'आईचं तेज वाढलं' म्हणतं! बघा, तेच अंग. दगडाला तेज, बाईला चरबी.

आणि तिथली चाल अशी. घटस्थापनेच्या सकाळी देवीची जुनी नऊवारी उतरवायची, नवी नेसवायची. उतरवलेल्या लुगड्यासाठी गावातल्या सगळ्या बायांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. जिचं नाव निघेल तिनं ते लुगडं दसऱ्याला नेसायचं आणि कळस घेऊन पालखीच्या पुढं चालायचं. वर्षाचा मान तो. लेकी सासरहून यायच्या बघायला.

त्या वर्षी चिठ्ठी निघाली. म्हादू गुरवानं वाचलं, तारामती मगदूम.

तीस वर्षं नाव टाकत होती बाई. तीस वर्षांत कुणाला बोलली नाही, पण दर वर्षी चिठ्ठी उघडायच्या आधी पदर सावरून उभी राहायची. आणि आज लुगडं हातात आलं. हळदीच्या रंगाचं, तळहाताएवढे कुंकवाचे काठ. तिनं गाल टेकवला त्याला. उदबत्तीचा वास, तेलाचा वास. वर्षभर आईच्या अंगावर राहिलेलं कापड, ते ऊन होतं हो, ऊन!

नऊ वार लुगड्याला, बाई, नाही कुठं शीव,
जिच्या अंगी लागे, तिचा त्यात रमे जीव.

आता एवढ्यावर आख्यान संपलं असतं तर मला दक्षिणा कशाची? तेवढ्यात सभामंडपातून संयोगितावैनी आल्या.

या कोण? सरपंचांच्या पत्नी, महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि त्या वर्षीच्या उत्सवाचं सगळं नवं नवं ज्यांच्या डोक्यातून निघालं त्या. यंदा पालखीचं शूटिंग होणार, वरून उडतं यंत्र फिरणार, गाव जगाला दिसणार. वाईट बाई नव्हत्या हं. वाईट माणूस परवडतो, तो समोरून मारतो. या गोड बोलायच्या. तारक्काला खांबाआड घेतलं, हात हातात धरला, म्हणाल्या, मान तुमचाच, तो कोण काढून घेतंय? पण उन्हातून दोन तास चालायचं, तुम्हाला दम लागतो. आणि रंग तरी केवढा झगझगीत! लोकांची तोंडं काय धरता येतात? तर लुगडं तेवढं आमची सूनबाई नेसेल. तुम्ही मागून चाला, सावलीनं.

"तुमच्या भल्याचंच सांगतीय, अक्का," त्या म्हणाल्या. "पुढं उभं राहून हसं करून घेण्यापरीस मागं राहून मान राखलेला बरा."

मंडळी, या वाक्याला रक्त येत नाही. पण लागतं कुठं, ते ज्याला लागलं त्यालाच ठाऊक.

तारक्कानं काय करावं? भांडावं? नाही. ती हसली. जाड माणसाला आधी हसावं लागतं, म्हणजे दुसऱ्यांचं हसू जरा कमी लागतं. 'बरं,' म्हणाली. 'मलाही तसंच वाटत होतं,' म्हणाली. खोटं! तीस वर्षं उराशी धरलेलं एका 'बरं'वर सोडलं, आणि वर स्वतःच समजूत घातली की चढ मोठा आहे, गुडघा दुखतो. मग लुगडं घडी करून पिशवीत घातलं आणि सूनबाईकडं द्यायला निघाली.

सूनबाई कोपऱ्यात बसलेली. अठ्ठावीसची कंबर. ती पोरगी शूटिंगसाठी आठ दिवस नुसत्या काकडीवर होती. डोळ्यांपुढं अंधारी येत होती तिच्या, आणि सासूबाई म्हणत होत्या, आणखी दसऱ्यापर्यंत कळ काढ! म्हणजे बघा, या शास्त्रात जाड सुटत नाही आणि बारीकही सुटत नाही.

पण पिशवी द्यायच्या आतच गाभाऱ्यातून हाक आली. पडद्यामागून म्हादू गुरव बाहेर आला, घामानं निथळत. म्हणाला, आईला लुगडं होईना.

झालं होतं असं. दर वर्षी सरळ नऊवार कापड यायचं. त्याला ना माप, ना मोजणी. गुरव घेरायचा, निऱ्या घालायचा, आई सजायची. यंदा वैनींनी शहरातून आणवली शिवलेली नऊवारी. घालायची, हूक लावायचा, दोन मिनिटांत देवी तयार! दुकानदारानं फोनवर माप विचारलं. आता देवीच्या कमरेला टेप कोण लावणार? गुरवानं कानाला हात लावले. सरपंच म्हणाले, पाप लागेल. तेव्हा वैनींनी तोड काढली. देवी म्हणजे सुंदरच असणार की! सूनबाईचं माप दिलं पाठवून.

अठ्ठावीस! माळाईला!

आणि शिवलेल्या नऊवारीला काय असतं, सांगा बायांनो? दोन पाय असतात, विजारीसारखे. म्हादू गुरव ते दोन पाय धरून घटकाभर तांदळ्याभोवती फिरला. आईला पाय नाहीत आणि लुगड्याला दोन आहेत! साठ वर्षांची सेवा त्याची, पण असा पेच पडला नव्हता. पाय कसेबसे निऱ्यांसारखे पुढं सोडले, तर कंबर मिळेना. दोन्ही टोकांत हातभर अंतर. हूक इकडं, फासा तिकडं, मधी शेंदूर!

बाहेर गाव खोळंबलं. पडदा सरेना, घट बसेना. उत्सव मंडळातली चार डोकी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जमली. तेव्हा संयोगितावैनींनी आवाज खाली घेऊन सुचवलं, की नाहीतरी शेंदूर फारच चढलाय, फोटोत गोळा दिसतो. चारी बाजूंनी जरा खरवडून घेतला तर? आई नीट आटोपशीर दिसेल.

ऐकलंत? लुगडं होत नाही, म्हणून देवी बारीक करायची! आणि मंडळी, त्या चौघांपैकी एकही 'नाही' म्हणाला नाही. एक तर खुरपं कुठं मिळेल ते बघायला लागला.

म्हादू गुरव रडवेला झाला. म्हणाला, आधी तारक्काला आत घ्या. शिवणारी बाई आहे, तिला बघू द्या.

तारक्का पिशवी काखेत मारून आत गेली. समईचा उजेड. आजवर देवी पाहिली ती गर्दीतून, हारांच्या आडून. आज हातभर अंतरावर, अंगावर सूत नसलेली. गोल. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळत नाही. कमरेला घडी, घडीवर घडी. कुठं लपवलेलं नाही, कुठं आवळलेलं नाही. आणि वर ते दोन चांदीचे डोळे सरळ समोर बघताहेत. 'मला मागं उभं करा' असं त्या डोळ्यांत कुठंच नाही!

तारक्कानं हात जोडले. मग गळ्यातली टेप काढली. गुरव दचकला. ती म्हणाली, म्हादूकाका, लेकीनं आईचं माप घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं? टेप आईभोवती फिरवली, टोकाला टोक जुळवलं आणि आकडा बघितला. बघतच राहिली.

वैनींनी उंबऱ्यावरून विचारलं, किती आलं? आणि लगेच म्हणाल्या, हळू सांगा, बाहेर माणसं आहेत.

आता इथं सगळं अडलं होतं बरं का. नुसतं लुगडं नव्हे. हळू सांगितलं असतं, तर खुरपं आलं असतं. खुरपं आलं असतं, तर पिशवीही गेली असती. आणि जी बाई स्वतःचं माप नवऱ्याला कधी बोलली नाही, ती सगळ्या सभामंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली —

"अठ्ठेचाळीस. माझ्यापेक्षा दोन इंच जास्त."

घंटेला लोंबकळणारी पोरंसुद्धा वळून बघायला लागली. मग मागून कुठूनतरी एका म्हातारीचा आवाज आला. "आई हाय ती. भरलेलीच असणार."

तारक्का उंबऱ्याकडं वळली. "वैनी, कापड चुकलं तर कापड उसवत्यात. देवी खरवडत न्हाईत." आणि काखेतल्या पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "आणि हे मी भिऊन द्यायला निघाले हुते. आता मी नेसणार."

पुढं काही भांडण झालं नाही. वैनी काहीतरी म्हणायला गेल्या, पण सूनबाईच मधी सासूला म्हणाली, आत्याबाई, बरं झालं, आता मी जेवते. आणि पुढं प्रसादाच्या पंगतीत बसली ती बसली!

तारक्का देवीपुढंच बैठक मारून उसवायला लागली. दोन्ही पाय उसवले, कंबर उसवली, तुकडे सरळ केले, जोडाला जोड लावून पुन्हा एकसंध कापड केलं. जोड निऱ्यांत जातील अशा बेतानं. उन्हं माथ्यावर आली तेव्हा म्हादू गुरवानं ते आईला घेरलं. पडदा सरला. गाव म्हणालं, आजवर अशी दिसली नव्हती! दर वर्षी तेच म्हणतात म्हणा.

आणि दसऱ्याला? मंडळी, सांगायला हवं का? आलं ना ते हळदीचं लुगडं रस्त्यावर, कळस डोक्यावर घेऊन! पदर एका खांद्यावरून, दंड उघडे, चाल सावकाश. दम लागला की थांबायची, आणि ती थांबली की पालखी थांबायची. देवीला काय घाई होती?

हळदीचं लुगडं नि कुंकवाचे काठ,
चालता चालता, बाई, ताठ झाली पाठ.

कुणी हसलं नाही का? हसले की! वेशीपाशी दोघं-तिघं हसले. तारक्काला ऐकू गेलं. पाय अडखळला का? अडखळला, खोटं कशाला सांगू. आख्यानातल्या बाईलाही कान असतात. पण कळसातलं पाणी हिंदकळलं नाही, आणि बाई पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात रांग. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, एक तर सत्तरीची. सगळ्या कुजबुजत, की अक्का, डाळिंबी रंग मला बरा दिसेल का गं? तारक्का म्हणाली, आधी मोठ्यानं विचार.

मंडळी, गोष्ट आंबेशिंग्याची झाली, पण खुरपं कुणाच्या हातात आहे? लग्नात कुणी दिसली की 'अगं, केवढी सुटलीस!' हा ज्यांचा राम राम असतो, त्यांच्या हातात. सुनेच्या ताटाकडं जिची नजर आहे, तिच्या हातात. आणि बायको नटून पुढं आली की मोबाईलमधून डोकं न काढता 'हं, बरं आहे' म्हणतो, त्या तुमच्या हातात आहे, यजमान! रोज थोडं थोडं खरवडता, आणि मग म्हणता, हिच्यात पूर्वीची हौस राहिली नाही. राहील कशी? तुम्हीच उतरवलीत की!

आता आरती. पण आज आरतीचं ताट माझ्या हातात नको, इथल्या अध्यक्षांच्याही नको. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून ज्या माउली बसल्यात ना, जांभळ्या साडीच्या... हो, तुम्हीच! मागं काय बघता, मागं भिंत आहे. पुढं या. ताट तुम्ही धरा.

आणि पुढच्या रांगेतल्यांनो, वाट द्या. अंग चोरून यायला लावू नका त्यांना.

सरका.

अजून थोडं सरका.