खुर्च्यांची तोंडं बंधाऱ्याकडे

प्रज्योत : नाही, नाही काका, उलट्या फिरवा सगळ्या खुर्च्या. पब्लिकचं तोंड बंधाऱ्याकडे पाहिजे. पुढे स्टेज, स्टेजच्या मागे बंधारा. फोटोत बंधारा आलाच पाहिजे, वरून ऑर्डर आहे.

दत्तात्रेय : फिरवतो की. पण प्रज्योतशेठ, स्टेज बंधाऱ्याला जरा जास्तच खेटून झालंय. मंत्री माणूस, चार हात अलीकडे घेतलं असतं तर बरं होतं.

प्रज्योत : खेटूनच पाहिजे. टीव्ही बघता ना तुम्ही? रोज एकच धिंगाणा. बंधारा घोटाळा, बंधारा घोटाळा. आपल्या सरकारनं बांधलेला एकही बंधारा टिकला नाही म्हणून बोंबलतात. हा टिकलाय ना? याच्या पायथ्याशी सभा. मॅटर खल्लास.

दत्तात्रेय : बाकीचे वाहून गेले ते गेलेच ना पण.

प्रज्योत : म्हणून तर हा दाखवायचा. ते सोडा. दुपार व्हायला आली, गाव कुठंय तुमचं? मंडपवाला सोडला तर इथं आपण दोघंच.

दत्तात्रेय : आज सर्वपित्री आहे शेठ. घरोघर पानं वाढायची, कावळ्याला घास ठेवायचा, मग माणसं जेवणार. तरी मी म्हणत होतो, पितृपंधरवड्यात कुणी लोकार्पण करतं का? त्यात अमावास्येचं उधाण. ऐन सभेच्या वेळेला भरती भरणार. तारीख ठरवताना पंचांग तरी बघायचं.

प्रज्योत : आचारसंहिता काय पंचांग बघून लागते का? आज झालं तर झालं. तुम्ही टेन्शन घेऊ नका. गाव नाही आलं तरी माणगावकडून बचत गटाच्या बायका निघाल्यात, चार बस भरून. पण गाव पाहिजे. गाव आलं नाही तर पत्रकार लिहिणार, गावानं पाठ फिरवली.

दत्तात्रेय : गाव येईल. माझा शब्द आहे. मागच्या निवडणुकीला देवीपुढं नारळ उचलला होता मी. म्हटलं, बंधारा पक्का होणार, आतमध्ये मुरूम-दगडच पडणार, मी जबाबदार. अख्खं गाव एका चिन्हावर उभं केलं. त्याच दिवशी जोळ मोडली गावानं.

प्रज्योत : जोळ म्हणजे?

दत्तात्रेय : सरकारी बंधारा नव्हता तेव्हाची आमची रीत. खाडीचा बांध घरटी वाटून घेतलेला. ज्याचा त्याचा वाटा. खेकड्यांनी बिळं केली की चिखल-पेंढा घालून बुजवायची. बांधाला भगदाड पडलं, त्याला आम्ही खांड म्हणतो, तर ज्यानं पाहिलं त्यानं नुसतं ‘खांड’ म्हणून ओरडायचं. घरटी एक माणूस खोरं घेऊन धावत सुटायचा. जेवत असला तर ताटावरनं.

प्रज्योत : आणि आता काँक्रीट. बघा, किती प्रोग्रेस झाली. साहेबांनी तुमच्यासाठी शाल ठेवलीय आज.

दत्तात्रेय : शालीचं काय नाही हो.

कमळ : आवो. जरा हिकडं या.

दत्तात्रेय : तू कशाला आलीस हितं? आबांचं पान वाढलंस का?

कमळ : वाढलं. मागल्या दारी ठेवलं. कावळाच न्हाय.

दत्तात्रेय : येईल. कुठं जातोय.

कमळ : गेल्यात. सगळे वर, देवळाकडं. जेवनावळ आज तिकडं हाय. मी वाट बगून बगून आळीत निगाले, तर आळीत माणूस न्हाय. कोंबडी सुदा न्हाय. चंद्राबायच्या दाराला कुलूप.

दत्तात्रेय : चंद्राबायच्या? ती तर खाटेवरनं उठत न्हाय.

कमळ : खाटेसकट नेली. पडवीत खाटेच्या पायांच्या खुना तेवड्या हायेत.

प्रज्योत : काय झालं काकू? देवळात काही कार्यक्रम आहे का? तिकडून थेट इकडे आणा सगळ्यांना.

दत्तात्रेय : थांबा शेठ. कमळ, कुनी काय सांगितलं न्हाय आपल्याला?

कमळ : देवळाच्या घाटीत निम्म्यात आरोही भेटली, चंद्राबायची नात. डोक्यावर बियाण्याचं पोतं. इचारलं, पोरी, निगालात कुठं सगळी? म्हनाली, काकू, तुमाला कशाला सांगायचं? काकांनी नारळ उचललाय. बंधारा पक्का हाय.

दत्तात्रेय : टोमणा मारला तिनं.

कमळ : न्हाय मारला. मान खाली घालून बोलली. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

प्रज्योत : काका, बंधारा कच्चा असल्याची अफवा परत कोण पसरवतंय? त्या ऋत्विकला एकदा समज दिलीय ना आपण?

कमळ : समज? केस केलीत त्याच्यावर. श्रावणात बांधाला चिखल लावत होता पोरगा, एकटा. सरकारी कामाला हात लावला म्हनून चौकीवर नेलात. आरोहीचा सख्खा भाऊ तो. आनि साक्षीदार म्हनून सही कुनाची, तर ह्यांची.

दत्तात्रेय : कमळ, ते आता कशाला?

कमळ : मग कधी? तो चौकीवरनं परत आला तेवापासून गावात बंधाऱ्याचं नाव कुनी काडत न्हाय. तुमाला वाटलं, गाव शांत झालं. मला पन तेच वाटलं. आज सकाळी इहिरीचं पानी तोंडात घेतलं तर मचूळ.

दत्तात्रेय : अमावास्येला होतं थोडं मचूळ.

कमळ : बंधारा झाल्यापासून कधी झालं? चला स्टेजच्या मागं. पाच पावलं न्हायत.

प्रज्योत : अहो काकू, साहेब निघालेत. काका, तुम्ही माईक चेक करून घ्या आधी. काका. ओ काका.

कमळ : हितं. ह्या दगडाच्या बुडाशी. बगा.

दत्तात्रेय : पाझर हाय. असतो. कुठल्या बांधाला पाझर नसतो?

कमळ : हात घाला. आबा हात घालून बगायचे.

दत्तात्रेय : घातला.

कमळ : निवळ हाय का गढूळ?

दत्तात्रेय : थांब, परत बगू दे.

कमळ : मी इचारतेय.

दत्तात्रेय : गढूळ. वाळू येतेय हातात.

कमळ : आबा काय सांगायचे?

दत्तात्रेय : तुला ठाऊक हाय.

कमळ : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

दत्तात्रेय : निवळ पानी पाझरलं तर घरी जाऊन जेवा. गढूळ आलं तर बांध आतनं चाललाय. खोरं पन उचलू नका, पोरंबाळं उचला.

कमळ : ती गावानं उचलली. आपन तेवडे राहिलो.

दत्तात्रेय : खाडीची वाळूच भरली यांनी आत. मुरूम म्हणून. मी रोज येऊन बसायचो कामावर, चहा प्यायचो त्यांच्याबरोबर. वरनं काँक्रीटचा नुसता पापुद्रा. प्रज्योतशेठ, सभा हलवा. वर हलवा, रस्त्यावर घ्या, कुठंही घ्या. बसेसना फोन लावा.

प्रज्योत : काय झालं एकदम?

दत्तात्रेय : बंधारा पोकळ आहे. भरती अजून भरायचीय. त्या बाया इथं बसल्या तर पळायला जागा नाही. मागं शाळेचं कंपाउंड, पुढं खाडी.

प्रज्योत : काका, हळू बोला. मंडपवाला ऐकतोय. अर्धा तास. साहेबांचं भाषण, फोटो, चिवड्याची पाकिटं वाटायची, बस परत. एवढा उभा राहिलाय इतके महिने, अर्धा तास नाही राहणार?

दत्तात्रेय : उधाणाला अर्धा तास कळत नाही.

कमळ : शेठ, एक इचारू? तुमची गाडी कुठं दिसत न्हाय ती?

प्रज्योत : वर लावलीय. देवळाच्या खालच्या वळणावर.

कमळ : सकाळी तर हितं होती. शाळेपाशी.

प्रज्योत : इकडे चिखल होतोय काकू. टायर खराब होतात.

कमळ : डांबरी हाय की सगळं.

प्रज्योत : एक मिनिट, फोन आहे. हां, बोला. हो... हो साहेब. ओके. नाही, इकडे सगळं नॉर्मल. पब्लिक येतंय. ठेवतो.

दत्तात्रेय : साहेब कुठवर आले?

प्रज्योत : आगरदांड्याहून बोटीनं दिघीला उतरले. पण पुढे नाही येत. तब्येत जरा डाऊन आहे. तिथूनच बोलतील, स्क्रीनवर. स्टेजवर स्क्रीन लावलीय ना. फोटो तोच येणार, बंधारा, पब्लिक, साहेब. काही फरक नाही.

दत्तात्रेय : स्क्रीन तर परवाच आलीय. तुम्ही म्हणालात कामांची फिल्म दाखवायचीय.

प्रज्योत : फिल्मपण दाखवू.

दत्तात्रेय : म्हणजे परवाच ठरलं होतं, साहेब येणार नाहीत.

प्रज्योत : काका, मला वरून जेवढं सांगतात तेवढं मी करतो. बंधारा कसा आहे ते मला माहीत नाही. मला विचारायला सांगितलेलं नाही. तुम्हीपण नका विचारू.

दत्तात्रेय : वरच्यांना माहीत. गावाला माहीत. तुमच्या ड्रायव्हरला माहीत. पायथ्याशी खुर्च्या मी मांडतोय.

प्रज्योत : आता ऐका शांतपणे. तुम्ही पोकळ म्हणालात तर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार. पोलिसांपुढे तुमचा जबाब आहे, बंधारा मजबूत आहे, ऋत्विकनं तो खराब केला. तो जबाब खोटा होता का? शिवाय कंपनीत तुमचा साहिल लागलाय तो साहेबांच्या एका फोनवर. दुसरा फोन करायला कितीसा वेळ लागतो? मी धमकी देत नाही हां. मी तुमच्या पोरासारखा आहे.

दत्तात्रेय : कमळ, तू वर जा.

कमळ : कशाला?

दत्तात्रेय : साहिलला फोन लाव. सांग की... जा तू वर. मी बगतो हितलं.

कमळ : मी बसते हितं. पयल्या रांगेत. कुटली खुर्ची रिकामी हाय? सगळ्याच रिकाम्या हायेत.

दत्तात्रेय : ऊठ.

कमळ : का? तुमी सांगितलंत पक्का हाय. गावानं ऐकलं, मी पन ऐकलं. चूल सोडून तुमच्या सभांना आले. सतरंज्या झाडल्या, चहा केला, घरोघर जाऊन तुमचं चिन्ह वाटलं. चंद्राबायला त्या मताच्या मशीनचं बटन मी दाखवलंय, खाटेपाशी बसून. आज बसायला काय झालं?

दत्तात्रेय : कमळ, हट्ट करू नको. पानी चढतंय.

कमळ : मला सांगून काय उपेग? माईक तिकडं हाय.

दत्तात्रेय : साहिलचं काय होईल मग?

कमळ : साहिल जित्ता राहील. नोकरी जाईल, तो राहील. त्या बशीतल्या बायांची पोरं घरी हायेत, त्यांचं काय होईल ते बोला.

प्रज्योत : काका, बसेस दिसायला लागल्या बघा. नाक्यावर आल्या. चला, हार कुठं ठेवलेत? काकू, छान, पुढेच बसा तुम्ही, फोटोत याल. काका? माईक ठेवा. माईक मी घेतो. काका.

दत्तात्रेय : हॅलो. ऐकू येतंय का? माणगावच्या बायांनो, बसमधनं उतरू नका. कुणी खाली पाय ठेवू नका. ड्रायव्हर, गाड्या तशाच वर घ्या, देवळाकडं. बंधारा पोकळ आहे. मी इथला पक्षाचा माणूस बोलतोय, दत्तात्रेय. वर देवळाकडं घ्या. बांध आतनं चाललाय. खांड जातेय. खांड. खांड...

(जनरेटर बंद होतो.)

प्रज्योत : संपलात तुम्ही काका. पक्षातनं संपलात, गावातनं तर कधीच संपला होतात.

दत्तात्रेय : गाडी वर आहे ना तुमची? घाटीनं चालत जावं लागेल. निघा लवकर. आणि मंडपवाल्याला घेऊन जा.

प्रज्योत : मी साहेबांना काय सांगू?

दत्तात्रेय : सांगा, फोटो न्हाय मिळाला.

कमळ : गेला. पळतोय बगा, चपला हातात घेऊन.

दत्तात्रेय : बसेस कुठं हायेत? माझे डोळे... मला कळत न्हाय लांबचं.

कमळ : थांबल्यात. पयलीचा ड्रायवर उतरून बगतोय. चडला. वळवतोय. मागच्या पन वळतायत. गेल्या वर.

दत्तात्रेय : ऐकलं म्हंजे त्यांनी.

कमळ : त्यांनी कधी तुमाला मत दिलं नवतं. म्हनून ऐकलं.

दत्तात्रेय : तू आता तरी ऊठ. वर त्यांना जागा देतील, पान पन वाढतील. आपल्याला काय देतील ते बगू. ऊठ, पायाखाली ओलं झालंय.

कमळ : उठते. आवो, थांबा. वरनं कोनतरी उतरतंय.

दत्तात्रेय : कुठून?

कमळ : घाटीनं. पळत येतंय. ऋत्विक हाय तो. हातात खोरं हाय.

दत्तात्रेय : खोरं घेऊन?

कमळ : तुमी खांड म्हनून वरडलात न्हवं मगाशी.

दत्तात्रेय : बाकी कोन हाय त्याच्याबरोबर?

कमळ : कोन न्हाय. बाकीची सगळी देवळाच्या कट्ट्यावर हुबी राहून बगतायत. तो एकटाच येतोय.

दत्तात्रेय : माझा आवाज बसलाय, कमळ. तू वरड. पयल्यांदा ते सांग, पानी गढूळ हाय.