नावाचा वाफा

इबू : बाबा, रागावू नका, पण एवढंच करा. हरितगृहातल्या त्या पेटीचं नाव बदला. नुसतं 'टोमॅटो' ठेवा.

हैसुल : टोमॅटोला पाणी देणाऱ्या पेटीला टोमॅटो म्हणू? मग उद्यापासून कुत्र्यालाही कुत्रा म्हणतो.

इबू : बाबा!

हैसुल : अगं, इथे डोंगरात मी बोलू कुणाशी? मोबाइल उघडला की दिसतं, 'इबू ताकिसहुसुंगान, पाणी दिलं.' 'इबू ताकिसहुसुंगान, खिडक्या बंद.' बरं वाटतं जिवाला. खरी इबू तिकडे शिन्चू शहरात नोकरीला बसलीय, तिला फोन उचलायला सवड नाही. ही तरी सांगितलेलं ऐकते.

इबू : ऐकते कुठे? ऐन थंडीत सगळ्या खिडक्या उघडून बसली ना?

हैसुल : बसली खरी. अख्खी रांग काळवंडली. दुकानदार म्हणतो, पेटी चांगली आहे, तुमचीच बोटं जाड.

इबू : त्याच्या तोंडी लागू नका. दोष पेटीतल्या चिपमध्ये आहे, आणि ती चिप आमच्याच कंपनीची. मी तशीच पेटी ऑफिसात आणून बघितली. छोटं नाव दिलं, गरीब गाईसारखी चालली. माझं पूर्ण नाव टाकलं, खिडक्या उघडायला लागली!

हैसुल : बघ! नावातच दम आहे.

इबू : हसू नका हो. चिपच्या मेमरीत नावासाठी एक वाफा आखलाय, मधली जागा धरून बारा रोमन अक्षरांचा. आखणाऱ्याने त्याला बांधच घातला नाही. आपलं नाव लांब, ते ओसंडून शेजारच्या वाफ्यात घुसलं. तिथे नेमका खिडक्यांचा हुकूम लिहिलेला.

हैसुल : बांध न घालता पाणी सोडलं? कोण गाढव तो?

इबू : गाढव नाही, भला माणूस आहे. त्याचं नाव तीन चिनी अक्षरांत बसतं, बायकोचं तीन, सगळ्या ऑफिसचं तीन. बारा म्हणजे त्याला चंगळ वाटली असेल.

हैसुल : जाऊ दे. एका रांगेसाठी एवढा आटापिटा का करतेस?

इबू : एका रांगेचं नाही, बाबा. हीच चिप फोनांत आहे, दारांच्या कुलपांत आहे. कुणी मुद्दाम लांब नाव रचून पाठवलं, तर शेजारच्या वाफ्यात स्वतःचा हुकूम पेरेल. परक्याच्या घराचं कुलूप उघडेल.

हैसुल : अरे देवा. मग साहेबाला सांग की!

इबू : सांगितलं. घाबरला बिचारा. म्हणाला, सोपं आहे, बाराच्या पुढचं नाव कापून टाकू. तसा चोख उपाय आहे तो. चोरवाट बंद होते.

हैसुल : आणि पेटीवर काय दिसेल?

इबू : 'इबू ताकिसहुस'.

हैसुल : हुस? कोंबड्या हाकलतेस का?

इबू : काय करू मग?

हैसुल : तुझ्या आजीला कचेरीतल्या माणसाने विचारलंसुद्धा नव्हतं. आपलं घराण्याचं नाव सोडून चिनी आडनाव लिन लिहिलं आणि मोकळा झाला. तेव्हापासून आपण कागदावर लिन. तिचं नाव तुला दिलं ते तेवढं तरी पूर्ण राहावं म्हणून. साहेबाला सांगितलंस, हे नाव कुणाचं ते?

इबू : म्हटलं... गिऱ्हाइकाने दिलेलं आहे.

हैसुल : गिऱ्हाइकाने.

इबू : तिथे मी लिन याचेन आहे, बाबा. डोंगरातल्या जमातीची म्हटलं की सगळे लगेच सुरू होतात, गाणं म्हण, दारू किती पचते सांग. नको वाटतं मला.

हैसुल : बरं. ठेवतो टोमॅटो.

इबू : असं तोडून बोलू नका ना.

हैसुल : अगं, मनापासून म्हणतोय. तुला त्रास होण्यापेक्षा टोमॅटो बरा. जेवलीस का?

इबू : नाही अजून.

हैसुल : आधी जेव. डुकराचं धुरी दिलेलं मांस पाठवलंय. लसणाची पात घालून परतून घे. आणि एकटी खाऊ नकोस, ऑफिसातल्यांनाही दे.

(प्लमचा मोहोर गळून गेल्यावर, पुन्हा फोन.)

हैसुल : ...टोमॅटो अगदी शहाण्यासारखी वागते. पण करमत नाही तिच्याशी.

इबू : मोबाइल बघा. 'नवं सॉफ्टवेअर घ्यायचं का' असं आलंय?

हैसुल : आलंय. हे तुमचं कापाकापीचं ना?

इबू : बांध घातलाय. पण आधी वाफा मोठा केला.

हैसुल : साहेब कसा काय वळला?

इबू : मीटिंगमध्ये म्हणाला, एवढं लांब नाव असतं तरी कुणाचं? एखादं गिऱ्हाईक, त्याच्यासाठी कशाला खटाटोप! मी उठले आणि म्हटलं, माझं आहे.

हैसुल : हसले असतील.

इबू : एकजण हसला. बाकी कुणी नाही. साहेब म्हणाला, पुन्हा सांग, सावकाश. नीट म्हणता आलं पाहिजे मला.

हैसुल : मग?

इबू : चार वेळा चुकला. पाचव्यांदा जमलं.

हैसुल : थांब. चष्मा कुठे गेला... हां. 'हो' दाबलं. आता नाव टाकतो. पूर्ण.

इबू : खिडक्या?

हैसुल : बंद आहेत.

इबू : मग नाक का ओढताय?

हैसुल : ओढत नाहीये. वाचतोय. 'इबू ताकिसहुसुंगान जोडली गेली.'