आभारी आहे, वीजधर

तुमी हसान, पण रिटायर झाल्यावर म्या कादंबरी लिहिली. पाच शूरवीरांची टोळी मेळघाट वाचवते, अशी. टाइप कराले अकोल्यातच वैशालीकडं देली. माही जुनी विद्यार्थिनी, तिचं टायपिंगचं दुकान हाय.

चार पानं झाली अन् पोरगी थांबली. म्हने, "सर, राग नका मानू. हे पाच जन एकमेकाले ओळखतात का?"

"काहून?"

"वीजधरानं अग्निवेगाचा जीव वाचवला, तं अग्निवेग म्हन्ते, 'मी आपला आभारी आहे.' जिवाचे दोस्त असे बोलतात? कोनी कोनाले अबे म्हनत नाई, कोनी कोनाची टर उडवत नाई."

डोकंच फिरलं माहं. तीस वर्सं मराठी शिकवलं, अन् हे मले शिकवून राहिली! पण घरी येऊन कुलूप काढता काढता मनात आलं, आपल्याले शेवटचं अबे कोनं म्हटलं? इथं तं भाजीवालाही सरच म्हन्ते. मंग आठवला परतवाड्याचा पुंडलिक. अमरावतीले कॉलेजात आमी एका खोलीत राहत होतो. मी उशिरा आलो का दारातूनच शिव्या घाले.

फोन लावला. म्हटलं, "पुंडल्या, मी सुधाकर."

तिकडून म्हने, "अरे वा! बोला सर, काय सेवा करू?"

पाण्यापावसाचं बोललो अन् फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वैशालीले म्हटलं, "'आभारी आहे' तसंच राहू दे, पोरी. पाचही जन रिटायर झाले असं समज."