लवकर बसणारी तार

महेबूब: परत एकदा सांगा काका. तुम्हाला लवकर खराब होणारी तार पाहिजे?

शेषेराव: हाव. टिकाऊ नको. या भिंतीवर एवढी पाकिटं लटकून राहिली, त्यातली सगळ्यात भिकार कोणती ती काढा, महेबूबभाई.

महेबूब: नांदेडात दुकान टाकून मला बावीस वर्सं झाली. पेटी विकली, तबला विकला, या गिटारी विकून राहिलो. असं मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा आलं.

शेषेराव: आलं ना? मग काढा.

महेबूब: आधी गिटार तर द्या इकडं. कोणाची आहे?

शेषेराव: पोराची. सत्यमची. लातूरला क्लासला होता तव्हा घेतली. आता तो बंगळूरला नोकरीला हाय. गिटार आमच्या घरीच, अर्धापूरला. खुंटीला.

महेबूब: म्हणजे वाजवत कोणी नाही.

शेषेराव: कोण वाजवणार? मी केळीवाला माणूस.

महेबूब: बरं, ऐका. हे पिवळं पाकीट. साधी तार. आठ-पंधरा दिवस अशी खणखणीत बोलते की बस्स, आणि मग एकदम बसते, आवाजच मरतो. हे लाल, ब्राँझची. आवाज गोड, भरलेला. दोन-अडीच महिने जाते. आणि हे काळं. याच्या तारेवर पातळ लेप असतो, हाताचा घाम आत जात नाही. सहा महिने कुठं गेली नाही. आवाज जरा मऊ, लाल पाकिटाएवढा मोकळा नाही, पण शेवटच्या दिवसापर्यंत तसाच राहतो.

शेषेराव: पिवळी लावा. पण आधीच पंधरा दिवस झालेली न्हाई का भेटत?

महेबूब: थट्टा करून राहिले का माझी?

शेषेराव: न्हाई बा. ऐतवारी ती बसलेलीच पाहिजे. आज तर गुरुवार हाय.

महेबूब: ऐतवारी काय आहे?

शेषेराव: सत्यम येऊन राहिला. दोन वर्सानं. सकाळी येणार, सांजच्या गाडीनं जाणार. फोनवर मनला, बापू, गिटार पुसून ठेवा, सोबत घेऊन जातो.

महेबूब: मग चांगली तार लावून द्या ना पोराला.

शेषेराव: चांगली वाजली तर नेईल की.

महेबूब: अच्छा. म्हणजे त्यानं वाजवून बघावं, तोंड वाकडं करावं आन् इथंच टाकून जावं.

शेषेराव: हाव. असंच.

महेबूब: मग तारा बदलताच कशाला? या तर अशाच मेल्यात. वरून दोन तुटलेल्या.

शेषेराव: तुटक्या दिसल्या तर इचारंल ना, कुणी हात लावला मनून.

महेबूब: कुणी लावला? खुंटीवर आपोआप तर नाही तुटत. आणि काका, याला डिझेलचा वास कसा येऊन राहिला?

शेषेराव: ट्रॅक्टर असतो बाजूला.

महेबूब: घरात, खुंटीजवळ?

शेषेराव: तुम्ही तारा लावा हो. लई इचारता.

महेबूब: लावतो. पण हे बघा. वाजवणारा माणूस इथं दांडीवर बोटं दाबतो. तिथं तारेला बारीक खळ्या पडतात. या जाड तारेवर आहेत, जुन्या. त्या तुमच्या पोराच्या. नवी एकही नाही. आणि इथं भोकावर मात्र सगळ्या तारा काळ्या, चिकट. कोणीतरी दाबत काहीच नाही, नुसता वरून हात फिरवतं. रोज.

(शेषेरावानं खांद्यावरचा रुमाल काढला, कोरडंच तोंड पुसलं, आणि तो भिंतीवरल्या पाकिटांकडं बघत उभा राहिला. लबाडी पकडली जाईल तर ती घरी, पोरासमोर, असं त्याला वाटलं होतं. इथं भर दुपारी, दुकानात, असं वाटलं नव्हतं.)

शेषेराव: चीक हाय तो. केळीचा. घड कापले की हाताला बसतो, धुतला तरी जात न्हाई. आमी डिझेलच्या फडक्यानं हात पुसतो, तशाच ताराबी पुसल्या.

महेबूब: डिझेलनं.

शेषेराव: मला काय ठावं? हाताचा जातो तर तारेचाबी जाईल मनलं. तव्हापासून मुक्या झाल्या. मग मी जोरानं ओढल्या, त्यात दोन गेल्या.

महेबूब: कव्हापासून वाजवता?

शेषेराव: वाजवत न्हाई हो मी. लाज काढू नका. सुट्टीत आला की हा सांजच्या सहाला घेऊन बसायचा. त्याची माय आत भाकरी थापायची, तिथूनच मनायची, दुसरं काही येतं का न्हाई रे. ती गेली त्याला चार वर्सं झाली. आता सहा वाजले की घर खायला उठतं. एक दिस उगीच खुंटीवरून काढली, हात फिरवला. काय वाजलं देव जाणे. पण घरात कुणीतरी हाय असं वाटलं. मग रोजच.

महेबूब: मग सांगून टाका ना सत्यमला. बापू वाजवतो, राहू दे इथंच. एवढंच तर आहे.

शेषेराव: तो ठेवंल हो. लगेच ठेवंल. आन् तिकडं जाऊन घोर लावून घेईल, बापाचं कसं होऊन राहिलं मनून.

महेबूब: पण दोन वर्सं आठवण नाही आली, आता कशी पाहिजे त्याला गिटार?

शेषेराव: त्याच्यासोबतचा पोरगा खोली सोडून गेला. मनला, बापू, हापिसातून येतो आन् भिंतीकडं बघत बसतो. बोलायला कुणी न्हाई. मनला, गिटार असली की सांज तरी निघंल.

महेबूब: काका?

शेषेराव: हां.

महेबूब: पिवळंच फोडू का पाकीट?

शेषेराव: थांबा जरा.

महेबूब: थांबतो. घाई नाही. तुमच्यामागं काही रांग नाही लागलेली. समदे मोबाइलवरूनच मागवतात आजकाल.

शेषेराव: ते काळं पाकीट. घामानं खराब होत न्हाई मनलात?

महेबूब: होते, पण लई सावकाश.

शेषेराव: त्याच्या हाताला लई घाम सुटतो. लहानपणापासून. पेपर लिवताना खाली रुमाल ठेवायचा.

महेबूब: मग त्याला हीच बरोबर.

शेषेराव: हीच लावा. अनोळखी गावात तार आणायला कुठं हिंडंल तो. आन् तो डिझेलचा वास काढा. चीकबी. त्याला काय कळू देऊ नका.

महेबूब: लाकूड पुसून देतो. वास जाईल. अर्धा तास बसा. सहा वाजता मी रोज इथं कोणाची ना कोणाची गिटार लावतच असतो. फोन लावत जा, ऐकवतो.

शेषेराव: फोनमधलं नको, महेबूबभाई. पोरगंबी फोनमध्येच हाय.

महेबूब: बरं. या जुन्या तारा टाकून देऊ?

शेषेराव: ती जाड द्या इकडं. ओसरीच्या चौकटीला दोन खिळे ठोकतो, ताणून बांधतो. सांजच्याला हात फिरवायला.

महेबूब: मेलेली आहे ती काका. बांधायचीच तर नवी घ्या एक, माझ्याकडून. चांगली घुमंल.

शेषेराव: न्हाई. हीच द्या. पोराच्या बोटाच्या खळ्या हायत मनलात ना हिच्यावर.